घरचा लसूण, नागपूर: परसातला वाफा आणि गच्चीवरच्या बॅगा (ऑक्टोबर ते जुलैच्या नोंदी)

५ ऑक्टोबर. आखणी

लसणाचा गड्डा भरायला लागतो जानेवारीच्या शेवटी, पण तो केवढा होणार हे त्याच्या आधीच ठरलेलं असतं. तोवर झाडावर जितकी पानं, तितकंच अन्न गड्ड्यात उतरणार. नागपुरात हा हिशेब फार काटेकोर आहे. दसऱ्याच्या आगेमागे माती अजून गरम आणि ओली असते, त्यात लावलेली पाकळी सडते. मार्च लागला की ऊन झाड वाळवायला घेतं. मधले १३० ते १४० दिवस आपले. या सगळ्या नोंदींत खरं मोजमाप एकच आहे: थंडी उतरेपर्यंत झाडाला किती पानं आली.

चार जागा ठरवल्या:

वाफा: परसात, १.२ मी × ०.९ मी, जमिनीपासून १५ सेंमी उंच. १५ सेंमीवर ८ ओळी, ओळीत १० सेंमीवर ९ झाडं. एकूण ७२.

बॅग १ आणि बॅग २: गच्चीवर, प्रत्येकी ६० × ३० × २५ सेंमी, दोन्ही बाजूंनी १० सेंमी अंतर, प्रत्येकी १८ झाडं. बॅग १ वाफ्यासोबत लावायची, बॅग २ मुद्दाम महिनाभर उशिरा. माती, खत, बियाणं तेच. बॅगांमधला फरक फक्त तारखेचा राहावा म्हणून.

खोकी २: थर्माकोलची, आतून साधारण ४० × २६ सेंमी, १५ सेंमी खोल. ही फक्त पातीसाठी.

ऊन किमान ६ तास हवं. परसातली जागा पेरूच्या झाडाखाली येत होती, ती दीड मीटर सरकवली. सावलीत लसणाची पात लांब आणि सुंदर दिसते, खाली गड्डा काही धरत नाही.

११ ऑक्टोबर. बियाणं

अर्धा किलो आणलं. जात जी-२८२, म्हणजे यमुना सफेद-३. गड्ड्यात १५-१६ पाकळ्या, पाकळी जाड, सोलायला सोपी. १८ गड्डे भरले.

भाजीबाजारातला लसूण चालेल का, हा प्रश्न नेहमी येतो. कळमना किंवा कॉटन मार्केटला जो मैदानी लसूण येतो, त्यातला बराचसा मध्य प्रदेशच्या मंदसौर-नीमच पट्ट्यातला. तो नागपुरात चालतो, फक्त जात कोणती ते कळत नाही. चालत नाही तो डोंगराळ भागातला, १०-१२ जाडजूड पाकळ्यांचा लसूण. गड्डा धरायला त्या जातींना लांब दिवस लागतो. नागपूरचा डिसेंबरातला दिवस पावणेअकरा तासांच्या जरा वर, आणि बारा तासांचा व्हायला मार्च उजाडतो. तेव्हा बाहेर ३५-३६ अंश असतात. तो लसूण पात देतो, खाली कांद्याच्या पातीसारखं बूड राहतं आणि उन्हानं वाळून जातो. मुळांचा भाग चाकूने सपाट कापलेला, पांढराशुभ्र गड्डा असेल तर तोही लावण्यासाठी घेऊ नये. ज्या बुडातून मुळं फुटायची तेच कापलेलं असतं. चिनी लसणाच्या आयातीवर २०१४ पासून बंदी आहे, त्याचं एक कारण त्यासोबत येणारी बुरशी. ती एकदा आपल्या मातीत शिरली की काढता येत नाही.

गड्डे आज फोडायचे नाहीत. पाकळ्या सुट्ट्या करून ठेवल्या की बूड वाळतं आणि उगवण घटते. लावायच्या दिवशी सकाळी फोडायचे.

लवकर उगवावं म्हणून बियाणं फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला फिरत असतो. मैदानी जातीला त्याची गरज नाही. फ्रिजची थंडी मिळालेली पाकळी लवकर उगवते हे खरं, पण ती गड्डाही लवकर धरते, म्हणजे पानं कमी असतानाच. तोटाच होतो.

१५ ऑक्टोबर. माती

परसातली माती नागपूरची नेहमीची काळी, चिकण. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. लसणाला दोन्ही वाईट. फुगलेली माती पाणी धरून ठेवते आणि बूड सडतं. भेगा पडल्या की वरच्या १५-२० सेंमीत असलेली मुळं तुटतात. गड्डा गोल भरण्याऐवजी चेपलेला निघतो.

थोडी रेती टाकून काळी माती मोकळी होत नाही. उलट विटेसारखी घट्ट बसते. खरं काम कुजलेलं शेणखत करतं, रेती त्याच्या जोडीला. वाफ्यात भरलेलं मिश्रण: काळी माती ७ घमेली, शेणखत ४, कन्हानची जाड रेती ४. शेणखत किमान सहा महिन्यांचं, मुठीत दाबलं तर वास यायला नको. कच्च्या शेणात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि वाळवीही.

खत वाफ्याला, क्षेत्र १.०८ चौ. मी. धरून: सिंगल सुपर फॉस्फेट ३० ग्रॅम, सल्फेट ऑफ पोटॅश १० ग्रॅम, युरिया ७ ग्रॅम. यातली पहिली दोन खतं मुद्दाम निवडली, दोन्हींत गंधक असतं. लसणाचा झणझणीतपणा गंधकाच्या संयुगांचा. गंधक कमी पडलं तर गड्डा दिसायला ठीक, पण ठेच्यात घातला तरी जाणवत नाही. युरियाचे अजून दोन हप्ते बाकी, प्रत्येकी ७ ग्रॅम. चहाचे सपाट दोन चमचे तेवढेच भरतात.

बॅगांना: माती २ भाग, शेणखत १, रेती १, कोकोपीट अर्धा भाग, शिवाय प्रत्येक बॅगेत निंबोळी पेंड ४० ग्रॅम आणि सुपर फॉस्फेट ६ ग्रॅम. युरिया नाही, पेंडीतलं नत्र हळूहळू मिळत राहतं. बॅगेला तळाशी ८ भोकं, त्यांवर मातीच्या कौलाचे तुकडे. भिजल्यावर अशी एक बॅग ५० किलोच्या वर जाते, म्हणून गच्चीच्या मधोमध नाही, भिंतीच्या कडेला आणि दोन विटांवर. विटा नसल्या तर भोकं गच्चीला चिकटून बंद होतात.

२२ ऑक्टोबर. लागवड: वाफा आणि बॅग १

सकाळी ७ ला १० सेंमी खोलीवर मातीचं तापमान २४ अंश. चालेल.

गड्डे फोडले. बाहेरच्या वेढ्यातल्या जाड पाकळ्या एकीकडे, आतल्या बारीक आणि लांबट दुसरीकडे. दीड ग्रॅमच्या वरची पाकळी लावायची, खालची पातीच्या खोक्यात. हा नियम कडक पाळावा. मोठ्या पाकळीत पहिल्या तीन-चार आठवड्यांचा शिधा असतो. बारीक पाकळी उगवते, पण एक-दोन पानांनी कायम मागे राहते. जुळी पाकळी, म्हणजे एका सालीत दोन, बाजूला काढली. ती दोन झाडं काढते आणि दोन्ही बारीक राहतात. साल सोलायची नाही. बुडाला ठेच लागलेल्या ११ पाकळ्या स्वयंपाकघरात गेल्या.

ट्रायकोडर्मा (सड रोखणारी उपयोगी बुरशी) १० ग्रॅम थोड्या पाण्यात कालवून पाकळ्यांना चोळला, सावलीत अर्धा तास सुकवल्या. ज्यांना रासायनिक करायचं त्यांनी कार्बेन्डाझिम लिटरला १ ग्रॅम, १० ते १५ मिनिटं बुडवणं. दोन्ही एकत्र करू नये. बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाच मारतं, कारण तीही बुरशीच आहे.

टोक वर, बूड खाली. पाकळीच्या टोकावर २ सेंमी माती. उलटी लावलेली पाकळीही उगवते, पण कोंब खालून वळसा घेऊन येतो, मान वाकडी होते आणि गड्डा बारीक राहतो. बोटाने दाबून घुसवू नये, खाली माती घट्ट होते आणि मुळं फुटताना पाकळीच वर उचलली जाते. खुरपीच्या टोकाने चर पाडला, पाकळ्या ठेवल्या, माती ओढली.

झारीने पाणी दिलं. वर भंडाऱ्याकडची धानाची तणस, ३ सेंमीचा थर. बॅगेवर २ सेंमी.

पहिलं खोकं: उरलेल्या बारीक पाकळ्या ७७, साडेतीन सेंमीवर, टोक जेमतेम मातीखाली.

२५ ऑक्टोबर

दुसरं पाणी. वाफा तणस बाजूला करून पाहिला, ओल ठीक. उगवेपर्यंत माती कोरडी पडू द्यायची नाही, चिखलही नको.

१ नोव्हेंबर

वाफ्यात ४९ कोंब वर. बॅग १ मध्ये १५. तणशीखाली दोन कोंब पिवळे आणि मुडपलेले, तिथे थर जाड झाला होता. मोकळा केला.

५ नोव्हेंबर

वाफा ६७/७२. बॅग १ मध्ये १७/१८. न उगवलेल्या पाच जागा उकरल्या. तीन पाकळ्या मऊ, तपकिरी, तिन्ही वाफ्याच्या आग्नेय कोपऱ्यात. तिथे नळाचं गळणारं पाणी झिरपत होतं. नळाचा वायसर बदलला. एक पाकळी उलटी लागली होती, कोंब पांढरा आणि वळलेला. एक कोरडी ठणठणीत. राखीव १२ पाकळ्यांतल्या पाच लावल्या. यापुढे नांगे (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायचे नाहीत. दोन आठवडे मागे पडलेलं झाड शेजाऱ्यांच्या सावलीत राहतं आणि नुसती जागा अडवतं.

दुसरं पातीचं खोकं आज लावलं, पहिल्यानंतर १४ दिवसांनी. पात एकदम न येता पाठोपाठ येते.

२० नोव्हेंबर. पहिली निंदणी

पानं ३. वाफ्यात नागरमोथा आला. तो वरून तोडला तर आठवड्यात पुन्हा वर. खालची गाठ खुरपीने काढावी लागते, पण लसणाच्या मुळापासून ५ सेंमी लांब राहून. लसणाचं पान अरुंद, माती झाकत नाही. म्हणून तण या पिकाला इतरांपेक्षा जास्त दाबतं आणि पहिले दोन महिने तेच मोठं काम आहे. वाफ्याला २५ मिनिटं लागली.

युरियाचा दुसरा हप्ता ७ ग्रॅम, ओळींच्या मधे, लगेच पाणी. पानांवर पडलेला दाणा झटकला, नाहीतर तिथे पांढरा डाग जळतो.

पाणी: वाफा ८ दिवसांनी, बॅग १ तिसऱ्या दिवशी. तपासणी बोटाने. ४ सेंमी आत बोट घातलं आणि माती चिकटली तर पाणी नाही.

२२ नोव्हेंबर

पहिल्या खोक्याची पहिली कापणी. ३१ दिवस, पात २२ सेंमी. बुडापासून ४ सेंमी ठेवून कात्रीने कापली, ११० ग्रॅम. याहून खाली कापलं तर मधला कोंब जातो आणि पुन्हा फुटत नाही. कापणीनंतर एक दिवस पाणी नाही, कापलेल्या तोंडातून सड शिरते.

वांग्याच्या भरतात ही पात वरून, आच बंद केल्यावर. शिजवली की वास निघून जातो.

२४ नोव्हेंबर. बॅग २ लावली

राखीवातल्या उरलेल्या सात पाकळ्या आणि न फोडलेल्या दोन गड्ड्यांतल्या अकरा. त्याच वजनाच्या, त्याच पद्धतीने.

६ डिसेंबर

बॅग २ मध्ये १७ कोंब. वाफ्यात ४ ते ५ पानं.

युरियाचा तिसरा आणि शेवटचा हप्ता वाफ्याला, ४५ दिवसांवर. यानंतर नत्र बंद. साठ दिवसांनंतर नत्र दिलं, शेणाची स्लरी ओतली किंवा झाडं फार विरळ लावली तर गड्ड्यातल्या पाकळ्याच नव्याने फुटायला लागतात. मानेतून चार-पाच बारीक पानांचा झुपका निघतो आणि गड्डा उकलल्यासारखा होतो. असा लसूण टिकत नाही. जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी) दर आठवड्याला देणाऱ्यांच्या वाफ्यात हे हमखास दिसतं. पात काळीभोर, पाहून जीव सुखावतो, आणि खाली गड्डा विखुरलेला.

१९ डिसेंबर

गच्चीवर पहाटे ९.५ अंश. ही थंडी लसणाला हवीच. थंडी न लागलेल्या झाडाचा गड्डा पाकळ्यांत विभागला जात नाही, कांद्यासारखा एकच गोळा होतो. त्याला एकपाकळी लसूण म्हणतात आणि बाजारात महाग विकतात, पण तो लावून आपल्याकडे पीक येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

वाफ्यात ५-६ पानं, बॅग १ मध्येही तेवढीच, बॅग २ मध्ये २.

खालच्या पानांची टोकं पिवळी पडायला लागली. याचं निदान पाणी किंवा खत देण्याआधी करावं, कारण चुकीचं केलं तर वाढतं. सगळ्यात खालचं एखादंच पान टोकाकडून सावकाश पिवळं: म्हातारपण, काही करायचं नाही. खालची तीन-चार पानं एकदम फिकट: नत्र कमी. सगळं झाड मलूल आणि माती ओली: मुळं गुदमरली, पाणी थांबवायचं. पानावर चंदेरी ओरखडे: फुलकिडे. आमच्याकडे पहिला प्रकार.

५ जानेवारी. फुलकिडे

वाफ्यातल्या दहा झाडांची मधली पानं फाकवून पाहिली. झाडाला ८ ते १२ फुलकिडे, पिवळसर, दोन पानांच्या बेचक्यात दडलेले. संख्या अजून फार नाही, पण कोरडी हवा आणि वाढतं ऊन हे त्यांचेच दिवस. ते पान खरवडून रस पितात, म्हणजे गड्डा भरायच्या नेमक्या वेळी पान निकामी होतं.

निळे चिकट सापळे २ लावले, पानांच्या उंचीवर. निंबोळी तेल १०,००० पीपीएम, लिटरला ३ मिली, सोबत साध्या साबणाचं पाणी १ मिली. साबण नसेल तर फवारा थेंब होऊन घसरतो, लसणाच्या पानावर मेणाचा थर असतो. फवारणी संध्याकाळी, नोझल पानांच्या बेचक्याकडे. दुपारी मारलं की पानं करपतात.

पातीची खोकी वेगळी ठेवण्याचं कारण हेच. जे खायचं त्यावर काही फवारायचं नाही, आणि ज्याचा गड्डा हवा त्याची पात तोडायची नाही. एकाच वाफ्यातून दोन्ही काढायला गेलं तर दोन्हीकडे कमी पडतं.

१५ जानेवारी. पानांची मोजणी

पूर्ण उघडलेली पानं: वाफा सरासरी ८, बॅग १ मध्ये ७, बॅग २ मध्ये ४.

लागवड महिनाभर उशिरा झाली, तेवढ्यात तीन पानं गेली. थंडीत नवं पान यायला ८ ते १० दिवस लागतात, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो. गड्डा भरायला लागला की नवं पान येणं थांबतं. म्हणजे बॅग २ ला आता फार तर एक-दोन पानं मिळतील. खत घालून हे भरून निघत नाही.

२४ जानेवारी

वाफ्यात एक झाड उकरून पाहिलं. मानेखाली फुगवटा, आडवा काप घेतला तर पाकळ्यांच्या रेषा दिसायला लागल्या. इथून पुढचे तीन आठवडे पाणी चुकवायचं नाही. वाफा ६-७ दिवसांनी, बॅगा एक दिवसाआड. या काळात एकदा सडकून कोरडं पडलं आणि मग भरपूर पाणी दिलं तर बाहेरची साल फाटते.

४ फेब्रुवारी. करपा

दोन दिवस ढग आणि रात्री अवकाळी सर. आज वाफ्यात ९ झाडांच्या पानांवर लांबट डाग, मधे जांभळट, कडेला पिवळी किनार. जांभळा करपा. विदर्भात फेब्रुवारीतला पाऊस आणि गारा नव्या नाहीत, त्यामुळे यासाठी आधीच तयारी हवी.

डाग मोठे असलेली १४ पानं कापून घराबाहेर टाकली, कंपोस्टमध्ये नाही. मँकोझेब लिटरला २.५ ग्रॅम, चिकटद्रव्य घालून, एक फवारणी, फक्त वाफ्यावर. हातमोजे आणि तोंडावर फडकं. तणस ओली होऊन पानांना टेकली होती, ती काढली. सकाळचं पाणी मुळाशी, पानांवर झारी नाही.

बॅगांवर करपा नाही. गच्चीवर वारा लागतो, पानं तासाभरात सुकतात.

१२ फेब्रुवारी

करपा थांबला, नव्या पानांवर डाग नाही. दुपारी गच्चीवर ३२ अंश, पण बॅगेच्या पश्चिमेकडच्या कडेला मातीत ३७. बॅगांचं खरं दुखणं इथे आहे: वाफ्याची माती खालून थंड राहते, बॅग तिन्ही बाजूंनी तापते. पश्चिमेला ३५ टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली आणि बॅगांना बाहेरून जुनी पांढरी चादर गुंडाळली. दोन दिवसांनी तीच कडा ३२ वर.

१८ ते २२ फेब्रुवारी

बॅग १ चं पाणी १८ ला बंद. खालची चार पानं वाळली. वाफ्याचं पाणी २२ ला बंद, काढणीच्या १६ दिवस आधी. बॅगेला आठ दिवस पुरतात, ती लवकर सुकते.

शेवटपर्यंत पाणी देत राहणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. गड्ड्याची साल ओली राहते, मान जाड राहते आणि टांगल्यावर मानेतून बुरशी उतरते.

२६ फेब्रुवारी. बॅग १ काढली

१२७ दिवस. माना मऊ पडून ९ झाडं आडवी झाली होती. निम्म्या माना पडल्या की काढायचं, सगळ्या पडेपर्यंत थांबलं तर साल मातीतच उकलते. बॅग फाडली नाही, एका बाजूने माती ढिली करून झाडं उचलली. १७ गड्डे.

१० मार्च. वाफा काढला

१३९ दिवस. १६ दिवस पाणी नसल्याने रेती-खत घालूनही माती कडक. पात धरून ओढलं असतं तर मानेतून तुटलं असतं. ओळीपासून १० सेंमीवर छोटी सब्बल घालून माती खालून उचकटली, मग झाड हाताने. ६३ गड्डे, तीन सब्बलीने कापले गेले ते त्याच दिवशी वापरात. माती झटकायची, गड्डे एकमेकांवर आपटायचे नाहीत. आपटलेली पाकळी महिन्याभराने पिवळी पडते.

१२ मार्चला बॅग २ काढली. १०८ दिवस, पण पिकली नव्हती, वाळली होती. पानं हिरवी असतानाच टोकाकडून करपत आली.

वाळवणं: नागपूरच्या मार्चच्या उन्हात उघडा गड्डा ठेवू नये. पाकळी आत उकडल्यासारखी मेणचट आणि पिवळी होते, आणि हे सोलल्याशिवाय कळत नाही. वाफ्यातच ओळीने अशी झाडं मांडली की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल. असे दोन दिवस. मग पोर्चमध्ये सावलीत, जाळीवर एक थर, ९ दिवस.

२१ मार्च. वजन

पात आणि मुळं कापल्यावर, वाळलेल्या गड्ड्यांचं:

वाफा: ६० गड्डे, १,१४० ग्रॅम, सरासरी १९.
बॅग १: १७ गड्डे, २८९ ग्रॅम, सरासरी १७.
बॅग २: १७ गड्डे, १७० ग्रॅम, सरासरी १०. त्यातले ४ एकपाकळी.

दोन्ही बॅगांत माती, खत, पाणी, बियाणं सारखं. १५ जानेवारीला एकीत ७ पानं होती आणि दुसरीत ४, तोच फरक वजनात उतरला. वाफ्यात सहा गड्ड्यांच्या पाकळ्या फुटलेल्या, सगळे कडेच्या ओळीत, जिथे झाडाला जागा आणि खत जास्त मिळालं होतं. पुढच्या वेळी कडेला खत कमी.

पातीची दोन खोकी मिळून, तीन-तीन कापण्या, ५४० ग्रॅम. तिसरी कापणी बारीक, दोऱ्यासारखी. तिसरीसाठी थांबू नये, माती नव्या लावणीसाठी मोकळी करावी.

२४ मार्च. साठवण

मान २ सेंमी, मुळं अर्धा सेंमी ठेवून कापलेले रोजच्या वापराचे, बांबूच्या उथळ टोपल्यात दोन थरांपेक्षा जास्त नाही. बियाणाचे ३० गड्डे पातीसह राखले होते, १५-१५ च्या दोन जुड्या सुतळीने बांधून उत्तरेच्या खोलीत टांगल्या (त्यांचं वजन पात वगळून अंदाजाने वरच्या आकड्यात धरलं आहे). टिनाच्या छताखाली नको, मेमध्ये तिथे गड्डा आतून भाजून निघतो. फ्रिजमध्येही नको, त्या गारव्यात कोंब लवकर फुटतो.

फुटलेले सहा आणि मान जाड राहिलेले पाच गड्डे आधी संपवायचे. सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून बाहेर ठेवू नयेत, हवा न लागणाऱ्या तेलात घातक जिवाणू वाढू शकतात. जास्तीचा लसूण चकत्या करून सुती कापडावर एप्रिलच्या उन्हात तीन दिवस, कडक वाजायला लागला की बरणीत.

८ जून

बियाणाच्या जुड्या: ३० पैकी २९ टणक, एक पोकळ. उन्हाळाभर वजन उतरलं, पण बाहेरची साल शाबूत.

पाऊस लागण्याआधी जुड्या भिंतीपासून सोडवून पंख्याच्या वाऱ्यात येतील अशा टांगल्या. दमट हवेत सालीखाली काळी बुरशी येते, ती भिंतीला टेकलेल्या बाजूने सुरू होते.

२० जुलै

तीन गड्डे काढले: दोनांवर काळी भुकटी, एक दाबल्यावर मऊ. २६ शिल्लक, म्हणजे वाफा आणि दोन्ही बॅगा भरून उरेल इतकं. हेच बियाणं तीन-चार वर्षं चालेल. लसूण पाकळीपासूनच वाढतो, त्यामुळे विषाणू पिढीजात सोबत येतात आणि गड्डा दरवर्षी थोडा बारीक होत जातो. तसं दिसलं की बियाणं बदलायचं.

ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गड्डा बोटांनी दाबून पाहायचा, मऊ लागला की त्याच दिवशी जुडीबाहेर. या वेळी दोन्ही बॅगा वाफ्यासोबतच, २० ते २५ ऑक्टोबरच्या आत.